अनुभव धागा: प्रेझेंटेशनमध्ये आवाज भरताना काय काय झालं?

जून लागला, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला आणि नेमक्या ह्याच दिवसांत आपल्याकडच्या शिक्षकांना, बचत गटवाल्यांना, बागायतदारांना आवाज भरलेल्या स्लाइड करून पाठवायच्या असतात. कोणी कसं रेकॉर्ड केलंत, बिघडलेलं कसं निस्तरलंत ते इथे लिहा. 'युट्यूबवर बघा' एवढंच सांगणार असाल तर राहू दे.

मालवणचा मास्तर
आठवीच्या पोरांकडून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पीपीटी करून घेतली, एकेकाने एकेक स्लाइड बोलायची. सगळं झाल्यावर ऐकलं तर एक मुलगी पायाभरणीचं साल 1664 ऐवजी 1665 बोललेली. पोरं म्हणाली, सर आता पहिल्यापासून? अरे कशाला! पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइडचा आवाज वेगळा ठेवतो, म्हणून त्याच स्लाइडवर उभं राहून 'रेकॉर्ड'मधून 'फ्रॉम करंट स्लाइड' घ्यायचं, बोलायचं आणि पुढच्या स्लाइडवर न जाता तिथेच थांबवायचं. पुढे गेलात आणि रेकॉर्डिंग चालूच असेल तर पुढच्या बिचाऱ्याचा चांगला आवाजही पुसला जातो. 'क्लिअर' करताना पण 'करंट स्लाइड' की 'ऑल स्लाइड्स' ते दोनदा वाचा, तिथे घाई नको.
दुसरं म्हणजे स्लाइड बदलत असताना आवाज रेकॉर्ड होतच नाही. पोरं बोलता बोलता ॲरो दाबतात, मग 'कुरटे बेटावर बांधलेला किल्ला' मधला 'ल्ला' गायब. वाक्य संपलं की एक श्वास घ्यायचा, मग बटण. मी तर फळ्यावरच लिहून ठेवलं, 'श्वास, मग बटण'.

आगरातली
आमचं हापूसच्या मोहोर संरक्षणाचं प्रेझेंटेशन होतं, माझ्या दिरांनी बोललेलं. माणूस जाणकार, पण रेकॉर्डिंग केलं पडवीत, त्यामुळे मागे बेडूक, फ्रीज, पंखा सगळी मंडळी हजर. परत बोला म्हटलं तर भावजी ऐकणार नाहीत, म्हणून आहे तोच आवाज साफ करायला घेतला. फाइलची कॉपी करायची (कॉपीच हां!), नावाच्या शेवटी पीपीटीएक्स असतं तिथे झिप करायचं, उघडायचं, आत 'पीपीटी' फोल्डर, त्यात 'मीडिया', तिथे स्लाइडस्लाइडचे आवाज एम-फोर-ए फाइलमध्ये मिळतात. ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-साफ करायचं फुकट सॉफ्टवेअर) उघडल्या नाहीत तर एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. मग जिथे कोणी बोलत नाहीये असा दोनेक सेकंदांचा तुकडा निवडून 'नॉईज रिडक्शन'मधून 'नॉईज प्रोफाइल' (म्हणजे नुसत्या गोंगाटाचा नमुना) घ्यायचं आणि पूर्ण क्लिपला लावायचं. पंखा आणि फ्रीज गेले, बेडूक राहिले, कारण ते एकसारखे ओरडत नाहीत ना. जोर जास्त लावला तर भावजी डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटायला लागतात, तेव्हा बेतानेच. साफ केलेली फाइल परत त्या स्लाइडवर इन्सर्ट करा, 'ऑटोमॅटिकली' सुरू होईल असं ठेवा आणि जुना स्पीकरचा आयकॉन आठवणीने डिलीट करा, नाहीतर दोन्ही भावजी एकदम बोलतात.
आता रेकॉर्डिंग माजघरात होतं. दाराला गोधडी टांगायची, पंखा बंद, घाम पुसत बोलायचं.

रुळाशेजारी
कणकवलीजवळ घर, मालगाडी कधी भोंगा देईल त्याचा नेम नाही. 'ट्रिम ऑडिओ'वर भरवसा ठेवू नका, ते फक्त सुरुवातीचं आणि शेवटचं कापतं, मधला भोंगा तसाच राहतो. एवढ्यासाठी मी स्लाइडच छोट्या करतो, मोठा मुद्दा दोन-तीन स्लाइडवर पसरतो. भोंगा आला की तेवढी एकच परत बोलायची, काम संपलं.

चार्जर काढा
जुन्या घरात अर्थिंग धड नसतं, प्लगला लावलेला माईक घूं घूं करतो. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, बऱ्याचदा तिथेच मिटतं. ब्लूटूथ इअरफोनपेक्षा वायरवाला साधा बरा.

गजालीवाला
माका एक सांगा, सगळ्यांका फुल एचडी व्हिडिओ कित्याक धाडतात? आमच्या वाडीत रेंज नाय, ता खंयसून उतारतला? 'क्रिएट अ व्हिडिओ'त 480 घेतलास तरी आवाज बरो ऐकाक येता, चित्र जरा धूसर, चलता. आणि एका शाण्यान तर पीडीएफ करून धाडली, वर विचारता आवाज कसो वाटलो!

मालवणचा मास्तर
गजालीवाले, 480 वर तक्त्यातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत हो. आम्ही 720 ठेवतो, आणि रेंज नसलेल्या पोरांना पेनड्राइव्ह. पीपीटीच देणार असाल तर 'स्लाइड शो' टॅबवर 'प्ले नॅरेशन्स'वर टिक आहे ना ते बघून द्या, ती नसली की पोरं म्हणतात सर मुके झाले.