बोटीचा फर्लर मेला, नवीन कुठला घ्यावा? (२४ फुटी, ट्रेलरवाली)

पैठणरोड_खलाशी:
नमस्कार मंडळी. बोट २४ फुटी, जुनी, मी तिसरा मालक. दिवाळी ते मे मांडव्याला असते, पावसाळ्यात ट्रेलरवर घालून पुणे-अहिल्यानगर मार्गे इकडं आणतो, आमच्या शेतात चिंचेखाली उभी असते (गाववाले दरवर्षी विचारतात, नाथसागर फुटणार हाय का म्हणून). तर पुढचं शीड गुंडाळायचा फर्लर यंदा पार गेला. मार्चमधे दुपारचा वारा वाढला म्हणून जेनोआ (तेच पुढचं शीड) अर्धा गुंडाळायला गेलो तर दोरी येईना, मग विंचवर (दोरी ओढायचा रहाट) घेतली अन वरून कडकड आवाज आला तसा हात थांबवला. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) सोडून बघितलं तर शीड खाली पण येईना. बायको सुकाणूवर, पोरगं ओकतंय, शेवटी बोट गोल गोल फिरवून शीड फोरस्टेला (डोलकाठी म्हणजे मास्ट पुढून धरणारी वायर) गुंडाळलं आन इंजिनवर परत आलो. कंपनीचं नाव नाही घेत, स्टिकर पण उडालंय.
आता हार्केन, फर्लेक्स, प्रोफर्ल आन सीडीआय असे चार डोक्यात हायेत. बजेट कपाशीच्या भावावर. कुठला घेऊ?

लातूरकर_दर्यावर्दी:
भाऊ कशाला नवीन घ्यायलाव आधी कारण तर बघा. ड्रम (फर्लरचं खालचं, दोरी गुंडाळायचं रीळ) अडला असता तर शीड खाली आलं असतं, तुमचं वर अडकलंय. हॅलयार्ड फोरस्टेला समांतर जात असंल तर वरचं स्विव्हल (शिडाचं वरचं टोक फिरू देणारी कडी) फिरताना हॅलयार्डला पण सोबत ओढतं आन ते फॉइलला (फोरस्टेवरची खाचेची नळी, जिच्यात शिडाची कड जाते) वेटोळं घालतं. नवीन मशीन लावली तरी हेच होणार. हॅलयार्ड फोरस्टेपासून साधारण १० अंश तरी बाजूला पाहिजे, नसंल तर मास्टवर वरच्या बाजूला एक छोटी गाइड बसवायची जी हॅलयार्ड मागं ओढून धरते. आन शिडाची उंची कमी असंल तर स्विव्हल लई खाली राहतं, मग शिडाच्या टोकाला वायरचा तुकडा जोडून त्याला वर न्यायचं. आणि विंच!! दोरी हातानं येत नसंल तर विंच लावायचाच नसतो, मान वर करून बघायचं असतं.

पैठणरोड_खलाशी:
पटलं दादा, कान पकडले. मास्ट सध्या खालीच हाय, दोन पिंपांवर आडवा. उद्या बघतो.

परभणीचा_मुंबईकर:
इथं मुंबईत बोटींचंच काम करतो म्हणून सांगतो. प्रोफर्लची बेअरिंग सीलबंद, आत ग्रीस भरलेलं, त्याला हात लावावा लागत नाही, शिवाय वर एक तबकडी येते जी हॅलयार्ड गुंडाळू देत नाही. हार्केनचं उलट, बेअरिंग उघडी, ग्रीस घालायचं नाही, गोड्या पाण्यानं धुवायची बस. तुमच्या शेतातली धूळ बघता पाइप लावून धुता येणं सोयीचंच. फर्लेक्सला वर्षातून एकदा ग्रीस द्यावं लागतं पण किटमधे नवीन फोरस्टे वायर पण येते, हा मोठा फायदा. सीडीआय स्वस्त, फॉइल प्लास्टिकचं, वाकलं तरी मोडत नाही त्यामुळं ट्रेलरवाल्यांना आवडतं, अॅल्युमिनियमचं फॉइल मास्ट पाडताना एकदा मुडपलं की गेलं. पण अर्धं शीड गुंडाळून चालवायचं असंल तर ते प्लास्टिक पिळतं, खाली दहा फेरे झाले तरी वरचा भाग मागं राहतो. पूर्ण गुंडाळणं आन अर्धं गुंडाळून रीफ करणं (शीड लहान करून चालवणं) ही दोन वेगळी कामं हायेत, विकणारा दोन्ही एकच म्हणून सांगतो.

गोदाकाठचा_नांदेडी:
मी तर म्हणतो फर्लरच काढून टाका. एनसीसीत एंटरप्राइज (छोटी शिडाची बोट) चालवली तेव्हापासून माझं मत, जितके कमी पुर्जे तितकं कमी टेन्शन. हँकवालं (फोरस्टेला कड्यांनी अडकवायचं) शीड घ्या, दोन साइझ ठेवा, वारा वाढला की छोटं चढवा.

परभणीचा_मुंबईकर:
@नांदेडी, बायको-पोरासोबत नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) जाऊन लाटांत शीड बदलणार कोण? तुम्ही येणार का राव 😄

पैठणरोड_खलाशी:
बघितलं. दादा बरोबर होते, फॉइलच्या वरच्या टोकाला हॅलयार्डनं खोल रेघ पाडलीय. पण त्याच्या वर बोटानं चाचपत गेलो तर कायतरी टोचलं, कापूस चिकटावा तसा अंगठ्यावर रक्ताचा थेंब. फोरस्टे जिथं वरच्या टर्मिनलमधे (वायरच्या टोकाची धातूची पकड) शिरते तिथं एक तार तुटून बाहेर आलेली. १९ पैकी एक. तीच वायर घेऊन मे महिन्यात मांडव्याहून रेवदंड्यापर्यंत जाऊन आलोय आम्ही.

लातूरकर_दर्यावर्दी:
मग विषयच संपला, वायर बदलायचीच. ती तुटली तर मास्ट मागं कॉकपिटात येतो, जिथं सगळे बसलेले असतात. बाकीच्या वायरींची पण टोकं तपासा.

परभणीचा_मुंबईकर:
फर्लेक्सचा छोटा साइझ घ्या, वायर सोबतच येईल. ऑर्डर देण्याआधी वायरची जाडी, दोन्ही पिनांची जाडी, आन पिन ते पिन लांबी मोजा, पण वायर ताणून मोजा, ढिली नको. जुन्या शिडाची कड ५ मिमीची हाय का ६ ची ते पण बघा, खाचेत जायला पाहिजे. ड्रमवर दोरी कुठल्या बाजूनं गुंडाळायची ते शिडाची ऊन-पट्टी (शीड उन्हापासून वाचवायला कडेला शिवलेली) बघून ठरवा, गुंडाळल्यावर पट्टी बाहेर यायला पाहिजे, नाहीतर आपल्याकडचं ऊन शीड एका वर्षात खातं. आन ट्रेलरवर नेताना फॉइल मास्टला दर तीन-चार फुटांवर बांधा, टोक हवेत लोंबू देऊ नका.

पैठणरोड_खलाशी:
वर्षातून दोनदाच मास्ट खाली येतो, तेवढं बांधायला जमतंय. फर्लेक्सच घेतो. गाइड पण बसवतो. उद्या भावाला टेपचं दुसरं टोक धरायला बोलावलंय, वायर ट्रॅक्टरला बांधून ताणणार.

गोदाकाठचा_नांदेडी:
ट्रॅक्टर न्यूट्रलमधे ठेवा बरं का. आन जुना ड्रम विकायचा असंल तर सांगा.

पैठणरोड_खलाशी:
तुम्ही तर कमी पुर्जेवाले होतात ना? 😂 फुकट घेऊन जा, पैठणला आलात की.