‘कुठलाही हजार लुमेनचा टॉर्च चालतो’ म्हणे! नाही चालत.

उतारवेडा

परवा इथे ‘साधासोपा’ या नावाने लिहिणाऱ्यांनी लिहिलं होतं, ‘रात्री सायकल चालवायला हजार लुमेनचा कुठलाही एलईडी टॉर्च घ्या, रबरी पट्ट्याने हँडलला आवळा आणि निघा. सायकलचे खास दिवे म्हणजे तीच वस्तू, फक्त खोकं वेगळं.’ (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप.) खाली ‘अगदी मनातलं बोललात’ची रांग लागली. दोन ओळी लिहून सोडून देणार होतो, पण झोप येईना. कारण नेमका असाच टॉर्च लावून मी आपटलो आहे.

लांब उतार होता, वेग ताशी ४० किमीच्या आसपास. रस्त्यात आडवा चर आला, पुढचं चाक दणकलं आणि टॉर्च गेला. ४० च्या वेगात सेकंदाला ११ मीटर जातात. हँडल न सोडता बटण चाचपडायला तीन सेकंद लागले असतील, म्हणजे ३० मीटरहून जास्त अंतर मी आंधळ्यासारखा गेलो. कोपर सोलवटलं, चाक वाकून त्याचा आठ झाला.

नंतर टॉर्च उघडून बघितला तर सेलला एकाच टोकाला स्प्रिंग. दुसऱ्या टोकाला नुसता पितळी ठिपका. दणका बसला की जड सेल स्प्रिंगवर दाबला जातो आणि ठिपक्याकडचा संपर्क क्षणभर सुटतो. तेवढ्यात आतलं सर्किट शून्यावर येतं, मग टॉर्च बंद तरी राहतो, नाहीतर सगळ्यात मंद पायरीवर तरी जागा होतो. टेबलावर, तंबूत, अंगणात हे कधीच कळत नाही. म्हणून घेताना लुमेन विचारण्याआधी टॉर्च चालू करा आणि तळहातावर जोरात आपटा, सेलच्या लांबीच्या दिशेने. जरा जरी लुकलुकला तरी परत ठेवा. स्प्रिंग दोन्ही टोकांना हवी. आणि पूर्ण उजेड, मंद, लुकलुक, एसओएस (संकटात मदत मागायची लुकलुक) हे सगळं एकाच बटणावर ओळीने येत असेल तर तो टॉर्च सायकलवर नको. वळणावर उजेड कमी करायला जावं आणि समोर एसओएस सुरू व्हावा, हे मी भोगलं आहे.

खोक्यावरचे ‘हजार लुमेन, पाच तास’ हेही नीट वाचा. टॉर्चच्या मोजमापाचं एफएल१ नावाचं मानक आहे, त्यात लुमेन मोजतात ते चालू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान. आणि तास मोजतात ते उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणजे दुसऱ्या ते पाचव्या तासात तुमच्याकडे दीडशे लुमेन असले तरी ते खोकं खोटं ठरत नाही.

साधासोपा

ते लिहिणारा मीच. सहा वर्षं रात्री चालवतोय, दोन टॉर्च झाले, एकदाही रस्त्यात विझला नाही. तुमचा एक टॉर्च वाईट निघाला म्हणून सगळ्या टॉर्चना गुन्हेगार ठरवू नका. आणि हे सगळं वाचून नवा माणूस काय करेल? स्प्रिंग मोजत बसेल आणि तोवर बिनदिव्याची सायकल चालवेल. ते जास्त धोक्याचं नाही का?

टॉर्चची बाजू मी घेतो ती सेलसाठी. १८६५० मापाचा, चार्ज होणारा सेल संपला की खिशातला दुसरा घालायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. माझा सायकलचा ‘खास’ दिवा होता, आत सेल चिकटवून बंद केलेला. दोन वर्षांत सेल म्हातारा झाला आणि अख्खा दिवा फेकावा लागला. भिंग चांगलं, एलईडी चांगला, शरीर चांगलं, तरी कचऱ्यात. याचा मला अजून राग आहे.

सर्किटवाली

सेल बदलता यावा याला माझा पूर्ण पाठिंबा. पण ‘कुठलाही’ या शब्दाला नाही. १८६५० म्हणजे १८ मिमी जाडी आणि ६५ मिमी लांबी. त्या मापात ३,५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) थोडं पुढेमागे क्षमता मावते. तरी ‘९,९०० एमएएच’ छापलेले सेल लोक हौसेने घेतात. तो आकडा वाचूनच सेल खाली ठेवायचा.

हिशोब सोपा आहे. ३.५ अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट, झाले साडेबारा वॉट-तास. खरे हजार लुमेन काढायला आठ ते दहा वॉट जातात. म्हणजे पूर्ण उजेड सव्वा तासाच्या आसपास. एका सेलवर ‘दहा हजार लुमेन’ म्हणणाऱ्याने शंभर वॉट कुठून आणले ते सांगावं.

आणि माझं जुनं दुखणं. टॉर्चला यूएसबी-सीचं भोक देतात, पण चार्जरला ‘वीज दे’ असं सांगणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर आत घालत नाहीत. मग दोन्हीकडे सी असलेल्या केबलने तो चार्जच होत नाही. मुक्कामी पोचल्यावर हे कळलं तर दुसऱ्या रात्री अंधारच.

पहाटफेरी

तुम्ही सगळे हँडलच्या मागे बसून बोलताय. मी समोरून येते.

टॉर्चचा झोत गोल असतो. मधला तेजस्वी ठिपका आणि भोवती रुंद पसरट उजेड, जितका खाली तितकाच वर. खालचा अर्धा रस्त्यावर पडतो, वरचा अर्धा माझ्या डोळ्यांत. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि तुमचा टॉर्च ते एका क्षणात पुसून टाकतो. तुम्ही पुढे निघून जाता, मी मात्र काळ्या पडद्यात पायडल मारत राहते. जर्मनीच्या नियमांत सायकलच्या पुढच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपवायचे नाहीत, म्हणून तिथल्या दिव्यांचा झोत वरून सरळ रेषेत कापलेला असतो. ‘खोकं वेगळं’ नाही साधासोपा, भिंग वेगळं असतं.

साधासोपा

मग टॉर्च खाली झुकवायचा. त्यात काय?

पहाटफेरी

झुकवल्यावर ठिपका खाली जातो. भोवतीचा पसरट उजेड तरीही वर येतोच. आपलाच टॉर्च हँडलवर चालू ठेवा, वीस पावलं पुढे जा आणि वळून बघा. हे करून झाल्यावर ‘त्यात काय’ म्हणा.

हेल्मेटवाला

मी तर टॉर्च हेल्मेटवर लावतो आणि लावणार. वळणावर हँडलचा दिवा सरळ झाडीत बघतो, माझा मी बघतो तिकडे. आणि गाड्यांचे हायबीम माझ्या डोळ्यांत घुसतात तेव्हा मला कोण विचारतं? ते लोक दिवा खाली घेत नाहीत तोवर मीही घेणार नाही. उलट समोर गाडी दिसली की लुकलुक चालू करतो. त्यामुळेच आजवर जिवंत आहे असं माझं ठाम मत आहे.

पहाटफेरी

गाडीवाल्याचा राग पायी चालणाऱ्यावर काढताय तुम्ही.

माझे वडील ७४ वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पहाटे रस्त्याच्या कडेने चालत होते. समोरून सायकल आली, लुकलुकणारा पांढरा टॉर्च पूर्ण उजेडावर. सायकल किती लांब आहे, कुठल्या बाजूने जातेय, काही कळेना, म्हणून बिचारे बाजूला सरकले आणि गटारात पाय गेला. मनगट मोडलं. सायकलवाला थांबलासुद्धा नाही, त्याला दिसलंही नसेल. सहा आठवडे मी त्यांना भरवत होते. तेव्हा ‘माझं ठाम मत’ वगैरे मला सांगू नका.

हेल्मेटवाला

वडिलांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तो मी नव्हतो. एका माणसाच्या चुकीसाठी माझ्या सुरक्षेवर बोट ठेवू नका. लुकलुकता दिवा लांबून लक्ष वेधतो हे तुम्हालाही मान्य असेल.

पहाटफेरी

लक्ष वेधतो. अंतर सांगत नाही. अंधारात उजेड क्षणभर असतो आणि क्षणभर नसतो, तेव्हा डोळ्याला धरून ठेवायला काही उरत नाही. दिवसा लुकलुकवा, दिवेलागणीला लुकलुकवा. काळोख्या रस्त्यावर स्थिर दिवा लावा. जर्मनीत तर सायकलवर लुकलुकणारा दिवा चालतच नाही.

हेल्मेटवाला

सारखं जर्मनी जर्मनी. त्यांचे रस्ते वेगळे.

सर्किटवाली

डोळे तेच आहेत. हेल्मेटवाले, तुम्ही रस्ता कसा बघता याबद्दलही एक सांगते. डोळ्याजवळ दिवा असला की खड्ड्याची सावली खड्ड्यामागेच लपते आणि रस्ता सपाट दिसतो. हँडलवरच्या खालच्या दिव्याने सावली लांब पडते, त्यामुळे लहान खड्डाही उठून दिसतो. धुक्यात तर हेल्मेटवरचा टॉर्च म्हणजे डोळ्यांसमोर पांढरी भिंत, कारण थेंबांवरून परतलेला उजेड थेट तुमच्याकडेच येतो. हेल्मेटवर मंद दुसरा दिवा ठेवा वळणांसाठी. मुख्य दिवा खालीच हवा.

उतारवेडा

मंडळी, मी विश्वासार्ह टॉर्च कसा निवडायचा यावर लिहिलं होतं. इथे लुकलुक आणि जर्मनी यांचंच भांडण झालं. पण आता निघालंच आहे तर उजेडाच्या पल्ल्याबद्दलही बोलू. खोक्यावर ‘२०० मीटर’ लिहितात, त्याचा अर्थ २०० मीटरवर पाव लक्स (समोरच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पोचतो, जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चौपट जवळ, ५० मीटरवर, तोच झोत चार लक्स देतो. तोही समोर उभ्या धरलेल्या पाटीवर. रस्ता आडवा पसरलेला, त्याच्यावर त्याहून कितीतरी कमी.

आता गरज बघा. २५ च्या वेगात, ब्रेकला हात जाईपर्यंतचा दीड सेकंद धरून, थांबायला साधारण १६ मीटर लागतात. ४० ला ३२ मीटर, म्हणजे वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला तर अंतर दुप्पट. सपाट ओळखीच्या रस्त्यावर ३०० खरे, स्थिर लुमेन पुरतात, वेगवान उतारावर नाही. त्यामुळे ‘हजार’ हा आकडा सगळ्यांना सारखा लावणंच मला पटत नाही.

साधासोपा

आकडे बरोबर असतील. पण पहाटफेरी यांनी वीस पावलांचं सांगितलं ते डोक्यातून जाईना, म्हणून काल रात्री करून पाहिलं. झुकवूनही डोळ्यांत येतो. मला वाटत होता त्यापेक्षा बराच. सहा वर्षांत एकदाही वळून बघितलं नव्हतं.

मग उतारवेडा यांची तळहाताची परीक्षाही केली. जुना टॉर्च पास. नवा, ज्याच्या भरवशावर मी ते सगळं लिहिलं, चौथ्या दणक्याला विझला. उघडला तर एकच स्प्रिंग. तेव्हा ‘कुठलाही’ हा शब्द मी मागे घेतो. सेल बदलता आला पाहिजे हे मागे घेत नाही, आणि दिवा न लावण्यापेक्षा साधा टॉर्च बरा हेही नाही.

उतारवेडा

एवढं पुरे आहे मला. जुना टॉर्चही दर महिन्याला उघडून आटे पुसत जा. तिथे काजळी जमली की संपर्क कच्चा होतो, मग चांगली स्प्रिंगही कामाला येत नाही. स्पिरिटचा बोळा, वर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात, पाणी अडवणारी रबरी रिंग तडकली असेल तर नवी. खोक्यावरचं आयपीएक्स४ म्हणजे पाण्याच्या फक्त शिंतोड्यांपासून बचाव आणि तोही रिंग धड असेपर्यंत.

हेल्मेटवाला

पायी माणूस दिसला की लुकलुक बंद करून मान खाली घालेन. एवढं मान्य. गाड्यांच्या बाबतीत माझं मत तेच राहील.

पहाटफेरी

तुमचा टॉर्च पूर्ण उजेडावर असताना कडेचा पायी माणूस तुम्हाला दिसतो, पण दिसेपर्यंत त्याचे डोळे दिपलेले असतात. आधीपासूनच खाली ठेवा.

साधासोपा, तुमच्या जुन्या टॉर्चसाठी एक उपाय. टोपीच्या झापेसारखी काळी पट्टी भिंगाच्या वरच्या कडेला लावा, दोन-तीन बोटं पुढे आलेली. चकचकीत पत्रा नको, त्यावरून उजेड भलतीकडे उडतो. वरचा पसरट भाग बराचसा कापला जातो. मग पाच मीटरवरच्या भिंतीसमोर सायकल उभी करा. मधला ठिपका टॉर्चच्या उंचीपेक्षा चांगला हातभर खाली पडला पाहिजे.

साधासोपा

जुन्या बाटलीचं काळं प्लास्टिक कापून लावलंय. ठिपका हातभर खाली आला, पण खडबडीत रस्त्यावर रबरी पट्टा सरकतो आणि टॉर्च परत वर बघायला लागतो. स्क्रूचा क्लॅम्प कुणी वापरलाय का? हँडलची नळी ३१.८ मिमीची आहे.