आंबा, कोय आणि शुगर: तुमचे अनुभव लिहा

चाफा
काल तुर्भ्याच्या फळबाजारात पेटी उघडली नि पेंढ्यातल्या हापूसचा तो वास आला. एकदम बाबा आठवले. नौपाड्यातलं जुनं घर, रात्रीचा दीड, स्वयंपाकघरात अंधारात उभे राहून कोय चोखताहेत. मी दिवा लावला. त्यांना डायबेटिस, मी २३ वर्षांची आणि सर्वज्ञ. "बाबा, लाज नाही वाटत?" मी म्हणाले. ते हात धुऊन झोपायला गेले, एक शब्द बोलले नाहीत.
आता माझंच एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८ आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फळं सोडू नका, ज्यूस सोडा. बाबांना हे कुणी सांगितलं होतं की नाही देव जाणे. तुमचं काय चालतं, काय नडतं?

भुईमूग
आमच्याकडे आंबा जेवणावर. तिथेच गोची. आता अर्धा हापूस, चिरून, संध्याकाळी पाचला, सोबत मूठभर दाणे. दोन तासांनी शुगर १५८. आमरस-पुरीच्या दिवशी २६१! पुऱ्या सात होत्या, तेव्हा सगळं खापर आंब्यावर नको.

ऐरोलीची आजी
जांभूळ खा. बियांची पूड रोज सकाळी घ्या. शुगर उतरते म्हणतात

सुपारी
आजी, त्या पुडीवर विसंबून कुणी गोळी बंद करू नका हो. सासऱ्यांनी केली. पूड पोटात, गोळ्या कपाटात. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७ चं ९.४. पूड अजून डबाभर आहे, घोडबंदरला येऊन घेऊन जा कुणीही.

ऐरोलीची आजी
मी कुठे म्हटलं गोळी बंद करा. मी पण घेते. दोन वेळा

येऊरवारा
जांभळावरून आठवलं, पूर्वी पावसाच्या तोंडावर येऊरच्या पायथ्याशी मावश्या पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसायच्या. शाळेतून येताना जिभा जांभळ्या. हल्ली तिकडे जाणं नाही. (विषयांतर, माहितेय. कुकर झाला, येते.)

खारेगावकर
माझं उलटंच. घाबरून फळंबिळं सगळं बंद केलं, गोळी चालू, जेवण लांबलं. वाशी-ठाणे लोकलमध्ये दरदरून घाम, हात लटलटायला लागले. समोरच्या काकूंनी मुलाच्या हातातली फ्रूटी काढून मला दिली. पोरगं रडलं. घरी शुगर मोजली तेव्हा ८४, म्हणजे त्याआधी किती खाली असेल! ज्यूस वाईट खरा, पण त्या दिवशी तोच देव. आता खिशात ग्लुकोजची पुडी असते.

चाफा
बापरे. कोणती गोळी?

खारेगावकर
ग्लिमेपिराइड. नुसत्या मेटफॉर्मिनने (डायबेटिसचीच दुसरी गोळी) सहसा असं होत नाही म्हणाले डॉक्टर.

पिशवीभर
पेरू रोज, बियांसकट. केळं जरा करकरीत असतानाच, काळे ठिपके पडलेलं नाही. कलिंगड वाटीभर चालतं, अर्धं एकटीने संपवलं तेव्हा नाही चाललं (तो दिवस वेगळाच होता). सीताफळ नवऱ्यासमोर खात नाही, तो बिया मोजतो.

भुईमूग
नवरे मोजले की शुगर किती वाढते ते कुणी मीटरवर बघितलंय का 😂

सुपारी
अजून एक. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर केळं, शहाळं डॉक्टरांना विचारूनच. त्यात पोटॅशियम जास्त. आईच्या वेळी आम्हाला हे फार उशिरा कळलं.

पिशवीभर
🙏 सुपारी

येऊरवारा
आले. चाफा, पेटी केवढ्याला?

चाफा
चार डझन, २८००.

येऊरवारा
लुटलं तुला. मे अर्धा होऊ दे, उतरतो भाव.

चाफा
तोवर कोण थांबतंय. पहिला पिकलाय. अर्धा खाल्ला. कोय अर्ध्यात धरायची का?

भुईमूग
कोय माफ. दिवा लावून खा.

ऐरोलीची आजी
दिवा कशाला, पाच वाजता उजेड असतो की. ऐरोलीत घरपोच आंबे देणारा कुणी आहे का? जिना उतरवत नाही