कोडमध्ये अवतरणाचं उघडायचं आणि मिटायचं चिन्ह एकच का?

निपाणीचा_कोडवाला
तंबाखूच्या एका वखारीचे हिशेब सांभाळतो. परवा शेल स्क्रिप्टनं, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञांनी, 'जमा जुने' हा फोल्डर पुसायचा होता, ते नाव धरणाऱ्या व्हेरिएबलभोवती अवतरण घालायचं राहिलं. शेलनं नावाचे दोन तुकडे केले आणि शेजारचा 'जमा' फोल्डर उडवला. चालू सालचा! बॅकअप होता म्हणून वाचलो. चूक माझीच, पण त्या निमित्तानं भांडतोच. कंसाला उघडायचं वेगळं, मिटायचं वेगळं, म्हणून कंसात कंस बसतो. अवतरणाला दोन्हीकडं तीच काडी. आत अवतरण आलं की 'इथं मिटत नाही' सांगायला त्याआधी बॅकस्लॅशची तिरकी काडी, त्याच्याही आत आलं की बॅकस्लॅशांची पलटण. १९६० च्या अल्गोल या प्रोग्रामिंग भाषेत दोन वेगळी चिन्हं होती, एकात एक बसायची. टाइपरायटरवर कळा वाचवायला सरळ काडी आली, ती आपल्या गळ्यात पडली.

खानापूरकर
दोन गोष्टींची गल्लत करताय वो. फोल्डर गेला तो शब्द तोडायच्या खोडीमुळं. झेड शेल या दुसऱ्या शेलमध्ये तसं व्हेरिएबल तुटत नाही. चिन्ह कितीही देखणं असतं तरी तुम्ही ते घातलंच नव्हतं की! आणि वाकडी अवतरणं म्हणाल, तर शिकवणीची पोरं वर्डमधून कोड चिकटवतात, त्या वाकड्या चिन्हांवर पायथन अडतो, तास त्यातच जातो. पायथनचंच बरं: एकेरी-दुहेरी सारखी. बाहेर दुहेरी, आत एकेरी.

टिळकवाडीची_ताई
पायथनमध्ये सारखी. पर्ल, पीएचपी, शेलमध्ये दुहेरीत व्हेरिएबल उलगडतं, एकेरीत नाही. सी मध्ये एकेरी म्हणजे एक अक्षर. स्मॉलटॉकमध्ये दुहेरी म्हणजे चक्क टीप! आपण बोलताना तर उघडायचं चिन्ह घालतच नाही. 'मी उद्या येतो म्हणाला.' कानडी शेजारीणही तेच म्हणते, 'नाळे बरतीनि अंत हेळिद.' 'म्हणाला' काय, 'अंत' काय, बोलणं नुसतं मिटतं.

खानापूरकर
त्यातला 'मी' कोण, हे आपल्याला प्रसंगावरून कळतं. कोड वाचणाऱ्या कंपायलरला कोण सांगणार? मला त्याहून ऑपरेटरांचा, म्हणजे क्रियेच्या चिन्हांचा, क्रम छळतो. सी मध्ये 'क्ष & १ == ०' लिहा, आधी '१ == ०', म्हणजे दोन्ही सारखे का, हे तपासलं जातं. दोन अटी जोडायचं वेगळं चिन्ह && नंतर आलं, तरी लिहिलेला कोड मोडू नये म्हणून & ची जागा हलवली नाही. सी बनवणाऱ्या रिचींनीच पुढं लिहिलंय की हलवलेली बरी होती.

निपाणीचा_कोडवाला
म्हणून तर नव्या भाषेत सुरुवातीलाच नीट करा म्हणतो. पर्लमध्ये क्यू लिहून महिरपी कंसात मजकूर घाला, आत कंसाच्या जोड्या खुशाल येऊ देत.

खानापूरकर
आणि आत एकच सुटा कंस आला तर?

निपाणीचा_कोडवाला
तर बॅकस्लॅश. पण एकच!