गाडीतले मागचे स्पीकर बंद केले आणि गाणं सुधारलं, पटतंय का?

पुढचा_बाक

मंडळी, आधीच स्पष्ट लिहितो. गाडीत गाणं नीट ऐकायचं असेल तर सगळे पैसे पुढच्या दोन दारांत घाला आणि मागचे स्पीकर बंद करा. महागडे स्पीकर आणून चुकीच्या जागी लावण्यापेक्षा साधे स्पीकर योग्य जागी लावलेले कितीतरी बरे.

माझी पाच वर्षांची हॅचबॅक. घेतली तेव्हा मागच्या काचेखालच्या ट्रेवर सहा बाय नऊ इंची ओव्हल, म्हणजे लांबट गोल स्पीकर बसवून घेतले, सगळेच बसवतात म्हणून. बेस दणकून यायचा, मित्र खूश व्हायचे. पण कोल्हापूरला जाताना पहाटे अभंग लावला की गायक माझ्या मानेमागे बसून गातोय असं वाटायचं. मैफलीला आपण गायकाकडे पाठ करून बसतो का? तीन वर्षं मला हे खटकत होतं आणि मी उगाच इक्वलायझर खालीवर करत बसलो.

मग एकदा फेडर, म्हणजे आवाज पुढे-मागे वाटायचं सेटिंग, पूर्ण पुढे ढकलला. बेस कमी झाला पण गाणं समोर आलं. फक्त गायक आता माझ्या उजव्या गुडघ्यापाशी होता. टेप घेऊन मोजलं, तर उजव्या दाराचा स्पीकर माझ्या डोक्यापासून ८५ सेंमी आणि डाव्या दाराचा १४० सेंमी. फरक ५५ सेंमी. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज मला १.६ मिलिसेकंद उशिरा पोचतोय, शिवाय लांबून येतो म्हणून हळू पण. एवढ्याशा फरकावर कान दिशा ठरवतो. माझ्या हेड युनिटमध्ये (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीममध्ये) टाइम अलाइनमेंटची, म्हणजे एकेका स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडायची सोय होती, उजव्या बाजूला तेवढा उशीर टाकला आणि खरं सांगतो, गायक उठून डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसला. पार्किंगमध्ये रात्री साडेदहाला मी एकटाच तेच कडवं पाच-सहा वेळा ऐकत होतो.

आता राहिले ट्वीटर, म्हणजे फक्त वरचा बारीक आवाज वाजवणारे छोटे स्पीकर. भोक पाडायच्या आधी चार संध्याकाळी मास्किंग टेपने जागा बदलून बघितल्या. सरळ तोंडाकडे रोखले तर स, श, च टोचतात. काचेकडे वळवले तर काचेवर आपटून सगळं पसरट होतं. शेवटी आरशाच्या आतल्या त्रिकोणी पट्टीवर, दोन सीटच्या मध्ये छताच्या दिव्याकडे तोंड करून, तिथे जमलं.

मागचे ओव्हल काढून विकले. तुमचं मत सांगा, विरोध असेल तर जरूर सांगा.

कोकणकडा

विरोध आहे आणि मनापासून आहे. तुमची गाडी एकट्याची असेल, आमच्यात पाच माणसं बसतात. मागे आई-बाबा आणि मुलगी. गणपतीला गावी जाताना आठ-दहा तास तेच मागे बसलेले असतात. मी पण कुठेतरी वाचून फेडर पुढे केला होता, तर माणगावपर्यंत आई तीनदा म्हणाली, अरे काही ऐकूच येत नाहीये. आवाज वाढवला तर पुढे आम्हा दोघांचे कान बसायची वेळ. दारातला स्पीकर पुढच्या माणसाच्या पोटरीजवळ असतो, त्यातला बारीक आवाज सीट आणि पाय गिळून टाकतात, मागे फक्त धबधब पोचते. शब्द कळत नसतील तर भजन काय ऐकणार? तुम्ही एका खुर्चीसाठी गाडी लावली आणि ती पण तुमच्या. टाइम अलाइनमेंटचं पण तेच, तुमच्यासाठी गायक मधोमध आला तेव्हा शेजारी बसलेल्या वहिनींना तो आणखी डावीकडे ढकलला गेला असेल, विचारून बघा त्यांना.

पुढचा_बाक

@कोकणकडा, विचारलं. बरोबर आहे तुमचं, तिला सगळं डाव्या दारातूनच येतं. ते मी मान्य करतो. पण मी ऐंशी टक्के वेळ एकटा चालवतो, ऑफिसला जाता-येता दोन तास, म्हणून माझ्या खुर्चीसाठी लावली. बाकीच्यांसाठी दुसरं सेटिंग सेव्ह करता येतं, एका बटणावर बदलतं.

तबलजी_४२

मी वीस वर्षं तबला वाजवतो म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. मागचे काढले ते ठीक, पण ट्वीटर वर नेऊन ठेवण्याला माझा विरोध आहे. माझ्या आधीच्या गाडीत ट्वीटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात काचेखाली आणि मोठे स्पीकर दारात खाली होते. एकल तबला लावला तर डग्गा पायाशी आणि चाटेचा (तबल्याच्या कडेचा) टणत्कार काचेपाशी. एकाच माणसाचे दोन हात, एक जमिनीवर आणि एक खिडकीत! गाण्यात हे लपतं, तबल्यात लपत नाही. साडेसहा इंची स्पीकर दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वर टॉर्चसारखा सरळ झोत टाकायला लागतो, दारात तो झोत थेट समोरच्या पायावर जातो, म्हणून वरचं काम ट्वीटरकडे द्यावं लागतं हे मलाही कळतं. पण दोघांत हातभर अंतर पडलं की वाद्य फाटतं. मी ट्वीटर दाराच्या वरच्या भागात, हँडलच्या पुढे घेतले, मोठ्या स्पीकरपासून जेमतेम वीतभर. गाणं थोडं खाली बसल्यासारखं येतं हे खरं, पण बैठकीत कलाकार खालीच बसलेला असतो की.

पुढचा_बाक

तबलजी, हे मी कधी ऐकलंच नव्हतं या कानाने. आज परत लावून बघतो.

सोल्डर_आणि_फ्लक्स

जागेवर एवढी चर्चा चाललीय पण दाराबद्दल कोणीच बोलत नाहीये!! स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागे हवा ओढली जाते, म्हणजे मागून निघणारा आवाज बरोबर उलटा असतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी मोठी भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढे येतो आणि दोघं एकमेकांना मारतात, त्यातही बेस आधी मरतो. म्हणून लोक म्हणतात पुढच्या दारातून बेस येत नाही आणि मागे ओव्हल टाकतात. ती भोकं ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) डॅम्पिंग शीटने बंद करा, स्पीकरखाली १८ एमएमची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) रिंग द्या, रिंग आणि पत्र्याच्या मध्ये फोमची पट्टी. पाण्याची वाट खालून मोकळी ठेवा बरं का, पावसाळ्यात दारात पाणी साचून पत्रा गंजतो. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून सामान आणून एका रविवारी दोन्ही दारं घरी केली, तेच जुने स्पीकर, तरी पखवाजाची थाप पहिल्यांदा छातीला लागली. मग डोअर पॅडच्या खिशातलं दहाचं नाणं खुळखुळायला लागलं, तोपर्यंत ते तिथे आहे हे पण माहीत नव्हतं.

आणि एक, मागचे काढायच्या आधी पोलॅरिटी, म्हणजे वायरींचं प्लस-मायनस तपासा. एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या असतील तर एक कोन बाहेर आणि दुसरा आत, बेस गायब आणि गायक हवेत विरघळल्यासारखा. वायर सुटी करून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव.

घाटमाथा

दोन गोष्टी जरा गंभीरपणे. पहिली, पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात ट्वीटर ठोकायच्या आधी कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) तिथून जाते का बघा. बऱ्याच गाड्यांत ती छताच्या कडेने त्या खांबात उतरते. त्यावर वाटीएवढा ट्वीटर स्क्रूने बसवलात तर एअरबॅग फुटताना तो तुमच्या तोंडावर येईल. दुसरी, मागच्या ट्रेवर ठेवलेले सुटे बॉक्स. माझ्या भावाच्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर बॉक्स मागच्या सीटवरून पुढे आला, नशिबाने मागे कोणी नव्हतं. म्हणून ओव्हल काढले या मुद्द्याला माझं पूर्ण समर्थन, कारण वेगळं असलं तरी.

कोकणकडा

घाटमाथा, ट्रेवरचे बॉक्स मलाही नकोत. माझे मागच्या दारात आहेत, कंपनीच्या जागी. ते का काढू?

सोल्डर_आणि_फ्लक्स

काढू नका, पण पुढच्यासारखे वाजवूही नका. हेल्मुट हास म्हणून एक जर्मन संशोधक होता, १९४९ मध्ये त्याने यावरच प्रबंध लिहिला. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोचतो त्याचीच दिशा कानाला वाटते, दुसरा काही मिलिसेकंद मागून आला तर तो पहिल्यात मिसळून जातो. म्हणून मागच्या दारांना १०-१५ मिलिसेकंद उशीर द्या, आवाज पुढच्यापेक्षा कमी ठेवा आणि ट्रेबल (वरचा बारीक आवाज) थोडा उतरवा. पुढे बसलेल्याला गायक समोरच राहतो आणि मागे आईंना शब्द कळतात. उशीर देता येत नसेल तर नुसता फेडर दोन-तीन घर पुढे.

कोकणकडा

पण ट्रेबल उतरवला तर शब्द कसे कळणार? आईला क आणि त मधला फरकच कळत नाही आता, तिला वरचाच आवाज लागतो. मी उशीर देईन, व्हॉल्यूम कमी करेन, पण मागचा ट्रेबल तसाच ठेवणार. पुढे मला थोडं कमी चांगलं ऐकू आलं तरी चालेल.

पुढचा_बाक

कोकणकडा, हे पटलं. माझा मुद्दा एकट्या चालवणाऱ्यापुरता धरा, धाग्यात मी तो सगळ्यांना लागू केला ती चूक. ट्रेवरच्या ओव्हलबद्दल मात्र मी हटणार नाही.

तबलजी, काल रात्री ट्वीटर काढून टेपने दारावर तुमच्या जागी चिकटवले. एकल तबला, विलंबित तीनताल. डग्गा आणि चाट एका जागी आले हो! पण गायन लावलं तर आवाज डॅशबोर्डच्या खाली गेला, स्टेअरिंगच्या मागे. आता कळेना काय करू. क्रॉसओव्हर, म्हणजे मोठा स्पीकर आणि ट्वीटर यांच्यात काम वाटायची सीमा, साडेतीन हजार हर्ट्झवरून अडीच हजारावर आणला तर वरच्या जागेवरही तबला जुळेल का? माझा ट्वीटर लहान आहे, झेपेल का त्याला?

तबलजी_४२

आधी तीन हजारावर आणून बघा, उतार (सीमेपलीकडचा आवाज किती झपाट्याने कापायचा ते) १२ डीबीचा असेल तर २४ करा म्हणजे ट्वीटरवर खालचा ताण येणार नाही. आवाज बेताचाच ठेवा आणि तबल्याचा धिरधिर बोल ऐका, चिरकला तर लगेच परत वर घ्या. आणि टेप अजून काढू नका.