कॅल्शियम नॉर्मल, मग टी-स्कोर उणे कसा?

शोभाताई ए-३०२: काल क्लबहाउसच्या शिबिरात हाडांसाठी टाच तपासली. टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलनेचा आकडा, उणे २.७ म्हणे! गोळ्या शेजारच्याच टेबलावर विकायला. 😏 पण गेल्या महिन्यात रक्तातलं कॅल्शियम ९.४ होतं, नॉर्मल. खरं काय मानायचं?

देशपांडे काका: रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा. फॉरवर्ड टाकतो.

वंदना बी-५०१: काका, नको 🙏

मेघना सी-१०४: शोभाकाकू, मी लॅबमध्ये असते म्हणून सांगते. टाचेचं ते मशीन अल्ट्रासाउंडचं, नुसती चाळणी. हाडं ठिसूळ ठरवायची उणे २.५ ची रेघ डेक्सा स्कॅनची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेची, तीही कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची. आणि रक्तातल्या कॅल्शियमवर तर जाऊच नका. ते जरा कमी पडलं की शरीर हाडांतून काढून रक्तात भरतं. हाडं ठिसूळ झाली तरी रिपोर्ट नॉर्मलच.

वंदना बी-५०१: माझं सीटीएक्स, ती हाडांची झीज दाखवणारी रक्तचाचणी, गेल्या वर्षीपेक्षा बरंच वाढलंय गं. पाळी जाऊन २ वर्षं झाली.

मेघना सी-१०४: थोडं वाढतंच. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो, तो सुटतो. नवं हाडही जोरात बनतं, म्हणून त्याची रक्तातली खूण, पी१एनपी, तीसुद्धा वाढते, पण पोखरणं पुढे पळतं. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं जास्त, मग वेग कमी होतो, थांबत नाही. टाकीत पाणी किती ते डेक्सा सांगते, गळती किती ते सीटीएक्स. पण दोन्ही वेळा रक्त कधी दिलंत?

वंदना बी-५०१: आता सकाळी उपाशी. मागे जेवून, दुपारी ४ ला.

मेघना सी-१०४: मग तुलनाच नको! सीटीएक्स पहाटे जास्त असतं, जेवल्यावर उतरतं. आणि रिपोर्टवर पाळी गेलेल्यांची रेंज छापलीय ना, बघा.

नाईक (सेक्रेटरी): टाकीचा विषय निघालाच आहे तर, उद्या १० ते १ पाणी बंद.

वंदना बी-५०१: 😂😂

शोभाताई ए-३०२: माझ्या आईचा खुबा न्हाणीघरात मोडला होता, ६९ व्या वर्षी. मी आता ६६. डेक्साला बोगद्यात घालतात का गं?

मेघना सी-१०४: नाही काकू, उघड्या टेबलावर निजायचं, १०-१५ मिनिटं. आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नका. आईचं मात्र डॉक्टरांना आधी सांगा, त्याला फार महत्त्व आहे.

शोभाताई ए-३०२: शनिवारी जाते. वंदना, येतेस? रिक्षा एकच करू.