‘पैसे भरून पुस्तक काढू नका’ म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

गिरणगावकर (धागालेखक)
परवा इथे एका ज्येष्ठ लेखकांनी नवोदितांना उपदेश केला. पैसे भरून पुस्तक काढू नका, आधी काही वर्षं दिवाळी अंकांत लिहून हात बसवा, आणि दर्जा असेल तर प्रकाशक आपणहून दारात येतो. खाली नुसता ‘अगदी खरं सर’चा पाऊस. तिथे भांडत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढतो.

प्रकाशक दारात येतो, पण ज्याचं दार त्याला आधीच ठाऊक आहे त्याच्याच. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत नवख्या लेखकालाही हस्तलिखिताबद्दल पत्रं लिहायचे, हे आम्ही पण ऐकलंय. पण ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, सर. तेव्हा जन्मलेली पोरं आता चाळिशीपलीकडे गेली. माझी कादंबरी एका नावाजलेल्या प्रकाशनाकडे वर्षाहून अधिक काळ होती. फोन केला की ‘वाचन चालू आहे’. शेवटी बाड परत आणायला गेलो, तर वरची सुतळी मीच बांधलेली आणि गाठही माझीच.

तेव्हा पैसे भरणाऱ्याला हसायचं सोडा आणि त्याला उपयोगाचं काही सांगा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे लेखक स्वतः अर्ज करू शकतो. तरी ‘आयएसबीएन शुल्क’ म्हणून पावत्या फाडणारे आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. हक्क द्यायचे ते लेखीच, आणि करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत तुमचे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. आणि राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान पहिल्या पुस्तकासाठीच असतं. यातलं एक अक्षर त्या उपदेशात नव्हतं.

पार्लेकर काकू
त्रागा समजला, पण सर चुकीचं काय बोलले? आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी फंडाच्या पैशातून कवितासंग्रह काढला. दादरला हॉल, शाल-श्रीफळ, बटाटेवडे, सगळं साग्रसंगीत. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात कवीचंच आडनाव चुकवलं. गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत. मुंज असो, बारसं असो, आहेर म्हणून तेच पुस्तक. माझ्याकडेच दोन-तीन प्रती आहेत. त्या माणसाला वेळीच ‘नको’ म्हणणारं कोणी भेटलं असतं तर बरं झालं नसतं का?

प्रूफवाला
काकूंशी सहमत, पण कारण वेगळं. मी मुद्रितशोधन करतो. पैसे भरून काढलेल्या पुस्तकात पहिली कात्री आमच्या कामाला लागते. लेखक युनिकोडमध्ये मजकूर देतो, पानं जुळवणारा डीटीपीवाला तो श्रीलिपीच्या वेगळ्या फॉन्टात ओततो आणि जोडाक्षरं फुटतात. एका पुस्तकात अर्पणपत्रिकेवरच आईचं नाव फुटलं होतं. लेखकाला ते प्रकाशनाच्या दिवशी दिसलं, माइकसमोर वाचताना. पॅकेज घेताना ‘प्रूफं किती वेळा, आणि बघणार कोण’ एवढं तरी विचारत जा.

स्लो लोकल
अवांतर: ‘दिवाळी अंकांत लिहा’ या सल्ल्याबद्दल कोणीच काही बोलत नाहीये. मी लिहिलं. एका अंकाला कथा दिली. मानधन सोडाच, साधा अंकही आला नाही. दादर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून माझीच कथा मी विकत घेतली. वर तो स्टॉलवाला म्हणतो, दोन घ्या, सवलत देतो.

पान दोनशे
झालं, संपादक चोर! मी एक छोटा दिवाळी अंक काढतो, म्हणून लिहितोय. कागद रोखीनं, छपाई रोखीनं. विक्रेता कमिशन कापून घेतो आणि न खपलेले अंक परत पाठवतो. जूनपासून जाहिरातींसाठी सराफ, सहकारी बँका, बिल्डर यांचे उंबरे झिजवायचे. एक बिल्डर म्हणाला, पूर्ण पान देतो, पण मेहुणीच्या कविता घ्या. घेतल्या. त्या पानाच्या पैशात तुमच्यासारख्यांच्या लांबलचक कथा बसतात. घरात बसून मानधन मागायला काय जातं?

स्लो लोकल
कागदवाल्याला रोख, छापखान्याला रोख, बाइंडरला रोख. फुकट राबायला एकटा लेखक. ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ला निघाला, तेव्हापासूनची परंपरा दर संपादकीयात मिरवता ना? मग त्या परंपरेत लेखकाला पाकीट द्यायचं कलम का नाही? मेहुणीला तरी अंक पाठवलात का?

पान दोनशे
पाठवले. पाच.

स्लो लोकल
धन्य आहात.

गिरणगावकर
@पान दोनशे, तुमची ओढाताण खरी आहे, नाही म्हणत नाही. पण पैसे नाहीत तर कथा मागतानाच तसं सांगा. ‘मानधनाचं बघू’ म्हणायचं आणि नोव्हेंबरनंतर फोन उचलायचा नाही, ही कुठली रीत? आणि धागा मानधनावर काढला नव्हता.

जुना सभासद
सगळ्यांना छापून यायचंय, विकत घ्यायचंय कोणाला? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. इथे भांडणाऱ्यांपैकी किती जण त्याचे सभासद आहेत? मी चढतो त्या पायऱ्या. संदर्भ विभागात पंखा आणि मी.

स्लो लोकल
आलेच वाचनसंस्कृतीवाले. काका, कथा विकत घेतली असं वर लिहिलंय. स्वतःचीच, पण घेतली.

गोरेगाव पूर्व
किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं, एक पैसा लागत नाही. ना प्रकाशक, ना गठ्ठे. मी चढवलंय. पहिल्या रॉयल्टीत वडापाव आला, चहा आला नाही.

पार्लेकर काकू
गिरणगावकर, आयएसबीएन फुकट असतो हे माहीत नव्हतं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. आमच्या गृहस्थांकडून त्याचेही पैसे उकळले होते. त्यांना सांगावं की नाही, या विचारात आहे. दुसरा संग्रह तयार आहे म्हणतात.

गिरणगावकर
काकू, आजच सांगा! करार मलाही दाखवू दे त्यांना. मात्र अनुदान पहिल्याच पुस्तकाला असतं, त्यात ते आता बसणार नाहीत.

पार्लेकर काकू
करार कसला, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला होता.

प्रूफवाला
आणि तुम्ही आम्हाला विचारता, प्रूफं कोण बघतं.

पान दोनशे
@स्लो लोकल, भांडण पुरे. यंदा जुलैअखेर कथा पाठवा. युनिकोडमध्ये, पीडीएफ नको. अंक घरपोच येईल, मानधनही देईन.

स्लो लोकल
किती? आकडा इथेच लिहा, सगळ्यांसमोर.

पान दोनशे
इथे लिहिला तर बाकीचे पण मागतील.